बिनक्लचच्या गाड्या आणि मधू भोईर

आम्ही जुने मित्र कुठे लग्नकार्यात भेटलो की मधू भोईरचा विषय निघतोच. एकानं सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "ते सोड रे, तो सासऱ्यांचा किस्सा सांग!" तो सांगून होईतो तिसऱ्याला चौथा आठवतो. शेवटी केटरिंगवाले येऊन खुर्च्या उचलायला लागतात!

मधू ठाण्याच्या माजिवड्याचा. गल्फमध्ये बरीच वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. पंच्याऐंशीच्या आसपास परत आला आणि हायवेच्या आतल्या बाजूला गॅरेज टाकलं. तेव्हा आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या होत्याच किती? वरातीला लावायच्या जुन्या अमेरिकन गाड्या, नाहीतर गल्फहून कुणी आणलेली एखादी. क्लच नाही, गिअर तेलाच्या दाबानं आपोआप पडणार. अशी गाडी अडखळायला लागली की बाकीच्या मेकॅनिकांकडे एकच औषध. तो गिअरबॉक्स काढून फेका, साधा बसवा! हे ऐकलं की मधू भडकायचा. "पाय मुरगळला म्हणून पाय कापतात काय रं?"

माझं तिथून जवळच, ठाण्यातल्या मानपाड्याला लेथचं वर्कशॉप. ह्या गाड्यांचे पार्ट मिळायचे नाहीत, म्हणून मधू ते माझ्याकडून करून घ्यायचा. पार्ट झाला की मीही त्याच्याबरोबर निघायचो. पुढची गंमत कोण सोडणार?

*

नौपाड्यातले एक डॉक्टर आलेले. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जागच्या जागी. मधूनं गिअरबॉक्सची तेलपट्टी बाहेर काढली. तिच्यावर ताकासारखा फेस!

"डॉक्टर, तेल कोण भरतं?"

"सासरे. रिटायर झालेत. रोज सकाळी पट्टी बघतात आणि थोडं थोडं ओततात."

"गार गाडीत पट्टी तेल कमीच दाखवणार. इंजिन तापवून, चालू ठेवून बघायचं असतं. पेशंटला अजीर्ण झालंय, साहेब. त्याला उपाशी ठेवा आणि नातेवाईकांना आवरा!"

डॉक्टर खो खो हसत म्हणाले, "आमच्याकडेही पेशंटचा त्रास नसतोच हो, नातेवाईकांचाच!"

जास्तीचं तेल काढलं आणि गाडी सुतासारखी सरळ. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आपला जुना स्टेथोस्कोप मधूला भेट दिला. तो लावून मधू गाडीखाली आडवा झाला की गिऱ्हाईक हबकायचं. एकानं तर हात जोडून विचारलं, "सिरियस आहे का?"

खालून आवाज आला, "नाय नाय. ओपीडीतच बरी होईल."

*

गाडी बरी झाली की नाही, हे ठरवायचा अधिकार मात्र मधूकडे नव्हता. तो त्याच्या आईकडे होता.

गिअर पडताना बसणारा झटका चालवणाऱ्याला सवयीनं कळेनासा होतो, असं मधूचं म्हणणं. म्हणून दुरुस्ती झाली की तो आईला मागच्या सीटवर बसवायचा आणि घोडबंदर रोडला चक्कर मारायचा. म्हातारी लुगडं सावरून ऐटीत बसायची. जरा झटका बसला की लगेच, "मधू, मागून कोन ढकलतंय रं?"

की मधू मुकाट्यानं गाडी परत आणायचा आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली!

एकदा एक गिऱ्हाईक तासभर गॅरेजच्या दारात ताटकळत होतं. चक्कर मारून गाडी आली. मधू हळूच उतरला, दार न वाजवता लावलं आणि तोंडावर बोट ठेवत कुजबुजला, "आई झोपली. गाडी ओके हाय. पन ती उठली की न्या!"

*

कल्याणच्या एका शेठची वरातीची गाडी होती. गिअरबॉक्समधलं तेल सारखं कमी व्हायचं, आणि गाडीखाली थेंब नाही! म्हणजे कुणीतरी काढून विकतंय. म्हणजे ड्रायव्हर गणपत. शेठनं तसं त्याला तोंडावर सुनावलेलं आणि घरी बसवायचं नक्की केलेलं. गणपत कोपऱ्यात मान खाली घालून उभा.

मधूनं शेठकडे बघितलंच नाही. सरळ गणपतला विचारलं, "मागून पांढरा धूर येतो?"

"येतो ना. मागचे शिव्या घालतात. दोनदा सांगितलं शेठना."

मधूनं इंजिनकडून गिअरबॉक्सकडे जाणारी रबरी नळी उपसली. तिच्यातून तेल ठिबकायला लागलं. ही नळी म्हणजे नुसत्या हवेचा रस्ता, तिच्यात तेलाचं काय काम? गिअरबॉक्सच्या बाजूच्या डबीत रबराचा पडदा असतो, तो फाटलेला. इंजिन नळीतून तेल ओढून जाळत होतं.

"शेठ, चोर गावला! इंजिनच पितंय!"

शेठचा चेहरा पडलेला. तेवढ्यात गणपतनं मान वर केली. "मग शेठ, आता इंजिनला कामावरून काढणार काय?"

सगळ्यात मोठ्यानं शेठच हसले. गणपतच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्याला चहाला नेलं, तेही सगळ्यांसमोर.

*

एकदा गिअरबॉक्स जोडून झाल्यावर रिव्हर्स टाकला तर गाडीनं अशी लाथ मारली की कोंबड्या पळाल्या! मधू म्हणाला, "आत एक छर्रा कमी पडलाय." आतल्या तेलाच्या वाटांमध्ये बारीक स्टीलचे छर्रे असतात, त्यातला एक. आम्ही सगळे जमिनीवर रांगलो. नाही सापडला. शेवटी मी आतलाच दुसरा छर्रा मापला आणि तस्सा एक सायकलवाल्याकडून आणला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

मालकानं विचारलं, "पार्ट ओरिजिनल घातला ना?"

"एकदम ओरिजिनल!" मधू म्हणाला. "सायकलचा!"

*

आता कुलकर्णी बाईंचा.

बाई डोंबिवलीला मराठी शिकवायच्या. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, म्हणजे क्लच दाबणं नाही. भावानं मस्कतहून खास ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. ती काही मैल गेली की जोर जायचा आणि गाडी थांबायची. इंजिन बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ठणठणीत! दोन गॅरेजवाल्यांनी साधा गिअरबॉक्स घालायला सांगितलेलं. भाऊही म्हणत होता, "ताई, करून टाकू. ड्रायव्हर ठेवू."

बाई म्हणाल्या, "मला गाडीत बसायचं नाहीये रे. मला जायचंय."

मधूनं गाडी ठेवून घेतली. खालचा बोल्ट काढून तेल बदललं, बाहेरून सगळं अॅडजस्ट केलं. चार दिवसांनी गाडी परत, तोच आजार! गिअरबॉक्स तापून हे होत असेल, तर मोठं काम, आणि आतले पार्ट मिळणार नाहीत.

शेवटी त्यानं बाईंना विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळ थांबता?"

"मी गाडीतच निबंध तपासते. तीन-चार झाले की निघते."

"आणि भर उन्हाळ्यात?"

बाईंनी जरा आठवून बघितलं. "तेवढेच. पावसाळ्यातही तेवढेच."

मधू ताडकन उठला. "मग ताप नाय! तापाची असती तर भर उन्हाळ्यात निवायला जास्त वेळ लागला असता. घशात काहीतरी अडकतंय, आणि इंजिन बंद केलं की सुटतंय!"

खालचा तेलाचा ट्रे उघडला. आत चौकड्याच्या चिंधीचा तुकडा तरंगत होता! आधीच्या कुणा मेकॅनिकनं पुसायला घेतलेला. गाडी चालली की तो ओढला जाऊन तेल गाळायच्या जाळीला चिकटायचा.

संध्याकाळी बाई स्वतः चालवत निघाल्या, आम्ही दोघं मागच्या सीटवर. शिळफाट्याच्या अलीकडचा चढ आला, जिथे गाडी हमखास बसायची. मधूनं माझा हात घट्ट धरलेला. चढ गेला. फाटा गेला.

डोंबिवलीकडच्या मानपाड्याच्या नाक्यावर बाईंनी गाडी बाजूला घेतली. "तुम्ही इथून रिक्षा कराल ना, मधुभाऊ? मी जरा कल्याणला मैत्रिणीकडे जाऊन येते. ती सारखी बोलावत असते."

आम्ही उतरलो. गाडी निघाली. मी रिक्षाला हात केला, तर मधूनं तो खाली ओढला. रस्त्याच्या कडेला डोळे मिटून, लांब जाणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून उभा होता.

"दुसरा गिअर..." तो पुटपुटला. आणि मग, "तिसरा."