कुकरचं हँडल आणि माझं लग्न

मी प्लास्टिकवर संशोधन करतो ही बातमी फुटली आणि माझं सुख संपलं. तेव्हा मी येरवड्यात मावशीकडे राहायचो. प्रयोगशाळेतून सायकल मारत घरी यावं, तर ओट्यावर चिरलेल्या बादल्या, कान तुटलेले मग, दात पडलेले कंगवे रांगेत मांडून ठेवलेले. एक गृहस्थ तर स्वतःची कवळी घेऊन आले होते, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून मलाच घाई करत होते. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या कशा जुळतात, कुठली ताणल्यावर लांबते आणि कुठली तुटते, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं चालली होती. लोकांच्या लेखी मी कल्हईवाला होतो.

अशात खडकीहून एक स्थळ आलं. मुलगी मला पाहताक्षणी पसंत पडली. तिच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण मधे तिचे वडील बसले होते. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आलेला माल नापास करणं हा त्यांचा धंदा आणि तोच छंद. जरा उशिरा उगवला म्हणून त्यांनी एकदा सूर्यालाही परत पाठवलं होतं, असं त्यांच्या क्वार्टर्समधले लोक सांगत, आणि मला ते खोटं वाटत नाही.

"काय करता आपण?" त्यांनी विचारलं.

"पॉलिमर. म्हणजे, प्लास्टिक."

ते उठले, आत गेले आणि प्रेशर कुकरचं तुटलेलं काळं हँडल आणून माझ्या बशीशेजारी ठेवलं. "वितळवून जोडून द्या."

"हे नाही वितळत," मी म्हणालो. "हे बॅकेलाइट आहे. बादलीचं प्लास्टिक तुपासारखं असतं. तापवलं की पातळ, निवलं की घट्ट, कितीही वेळा. याच्यात साखळ्या एकमेकींना आडव्यातिडव्या बांधल्या जातात. एकदा भाजलं की संपलं. आणखी तापवलं तर जळेल, पण वितळणार नाही. भाकरीचं पुन्हा पीठ होतं का?"

"तुम्ही भाकरीत पीएच.डी. करताय का?"

दाराआडून कोणीतरी हसलं. तिथेच मी फसलो.

"ते ठेवा," मी म्हणालो. "मी नवंच बनवून आणतो."

"आणा. मग पुढचं बोलू."

म्हणजे माझं लग्न त्या हँडलला टांगलं गेलं.

प्रयोगशाळेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड हवं तेवढं होतं. चंचुपात्रात दोन्ही घातलं, अमोनियाचे थेंब टाकले आणि तापवत बसलो. मिश्रण आधी पाण्यासारखं, मग मधासारखं झालं. मी आपला आनंदाने ढवळतोय, तोवर त्याला आतूनच अशी ऊब सुटली की काचेची कांडी जागच्या जागी थांबली. ओढली, पिळली, शिव्या दिल्या. चंचुपात्र, कांडी आणि रेझीन यांची जन्माची गाठ पडली होती. आमच्या गाइडांनी तो दगड हातात घेऊन उजेडात धरला. "छान. यात तुमचा प्रबंधही बसवता आला असता," म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी मध होताच थांबलो आणि प्लास्टरच्या साच्यात ओतून भट्टीत ठेवलं. साचा उघडला तर आत अनारसा. हे रेणू जुळताना पाणी सोडतात. दाब नसेल तर त्या पाण्याची वाफ होऊन अंगभर जाळी पडते. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवायचो. हँडल उचललं, त्याच्या स्वतःच्या वजनाने मोडलं.

म्हणजे उष्णता हवी आणि दाबही हवा. घरात ही दोन्ही देणारी वस्तू एकच. कुकरचं हँडल करायला कुकर हवा होता, आणि खडकीचा कुकर हँडल नाही म्हणून बंद पडला होता. राहिला मावशीचा.

मावशी भाजी आणायला गेल्याचं बघून मी साचा पुन्हा भरला आणि डब्यात बंद करून तिच्या कुकरात ठेवला. शिट्ट्या झाल्या. पहिल्या शिट्टीच्या वासाने शेजारची मांजर गेली ती परत आलीच नाही. दुसरीला गल्लीतले ढेकूण बिऱ्हाडासकट विश्रांतवाडीकडे निघाले. मावशी पिशवी घेऊन दारातच थांबली.

"दवाखाना शिजवतोयस का रे?"

पण हँडल झालं. वेडंवाकडं, खाली वाफेने पडलेली दोन भोकं, तरी हँडलच. मावशीच्या कुकरातला भात मात्र त्या दिवसापासून जो फिनेलसारखा लागायला लागला तो लागलाच. चिंच, राख, लिंबू, सगळं घासून झालं. शेवटी तिने त्यात तुळस लावली. तीही वाळली.

हँडल रुमालात गुंडाळून मी खडकीला गेलो. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. नवं हँडल केव्हाच बसलं होतं. मुलीने बोहरी आळीतल्या दुकानातून आणलं होतं.

"तुमची वाट बघत उपाशी बसायचं होतं का?" वडील म्हणाले. माझं हँडल त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, भोकांत नख घातलं. "नापास."

मी रुमालाची घडी घालू लागलो. तेवढ्यात ती पाणी घेऊन आली. "हे वितळणार नाही, असं यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला चालतील हे."

बाबांनी एकदा कुकरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मुलीने पास केलेला एवढा माल त्यांना नापास करता येईना.

लग्न झालं. सगळं निवलं असं मला वाटलं. पहिल्या दिवाळसणाला सासरी पाटाभोवती रांगोळी, समईचा उजेड, आणि ताट येण्याआधी सासऱ्यांनी माझ्यापुढे चिरलेली निळी बादली ठेवली.

"ही वितळते. चौकशी केलीय मी."

नवं जरीचं उपरणं खांद्यावर टाकून मी गॅसवर उलथनं तापवलं आणि चीर सांधली. पॉलिथिन वितळलं, जुळलं, सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम झालं. सासऱ्यांनी बादली नळाखाली भरली, उचलून धरली आणि वाकून बुडाकडे पाहत राहिले.

"गळतीय," ते म्हणाले, आणि मोठ्या समाधानाने जेवायला बसले.