मूठ सोडा, रशीदभाई

वाटणीत ट्रॅक्टर थोरल्या भावाकडं गेला आणि रशीदभाई चार महिने दौलताबादला घरी बसून राहिले. पंधरा वर्षं ट्रॅक्टरच चालवलेला माणूस. मुलगी रुखसाना बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिचं कॉलेज थांबवायची भाषा घरात सुरू झाली होती. तेवढ्यात शेंद्र्याच्या एका कंपनीत कार ड्रायव्हरची जागा निघाली. लायसन्स काढून बरीच वर्षं झाली होती, पण कारवर हात बसलेला नव्हता. ट्रायल शनिवारी. सोमवारी ते माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले.

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, म्हणून स्कूलच्या बोर्डावरही नावापुढं बी.ए. लिहिलंय. लोक हसतात. हसू द्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी थेट तिसऱ्या गिअरमध्ये उचलली. छावणीच्या रस्त्यावर तिनं तीन उड्या मारल्या आणि बंद पडली. मागच्या रिक्षावाल्यानं आम्हा दोघांचा उद्धार केला. तिसरा का, असं विचारल्यावर म्हणाले, ट्रॅक्टरला उभ्या जागीच हवा तो गिअर टाकायचा आणि शेत येईपर्यंत तोच ठेवायचा.

ही सवय दोन दिवसांत गेली. हाताची जाईना. गिअरची दांडी ते अशी आवळायचे, जणू कोणी पळवून नेणार आहे.

आता गंमत अशी की कारमध्ये पहिला-दुसरा गिअर डावीकडं असतो, तिसरा-चौथा मधोमध. दांडी दुसऱ्यातून काढून न्यूट्रलला, म्हणजे कुठलाच गिअर नसलेल्या जागी आणली आणि हात सैल सोडला, की आतली स्प्रिंग तिला आपोआप मध्ये आणते. मग नुसती पुढं ढकलायची, तिसरा पडतो. मूठ आवळली तर दांडी डावीकडंच राहते आणि तिसऱ्याऐवजी पहिला पडतो. गाडी झटका खाते, शिकवणाऱ्याचं डोकं काचेकडं जातं. बुधवारी माझं चारदा गेलं.

मी कागदावर आकृती काढली. स्प्रिंग समजावली. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळहात बाहेर करून दांडी आपल्यापासून दूर ढकलायची, तिसऱ्या-चौथ्यासाठी तळहात वरच्या गोळ्यावर नुसता ठेवायचा. रशीदभाई मान हलवायचे आणि पुन्हा मूठ आवळायचे.

"सर, तुम्ही लई शिकलेले," ते म्हणाले. "मला समजतं. हाताला समजंना."

गुरुवारी त्यांनी घरची सीताफळं आणली. पिकलंय का बघायला मी एक अंगठ्यानं दाबलं. त्यांनी ते हातातून काढूनच घेतलं.

"नक्को सर. ऐसा दबाए तो फूट जाता. कॉलेजात हे नाही शिकवलं?"

मग धरायचं कसं ते दाखवलं. फळ तळहातात, बोटं भोवती नुसती टेकलेली. मी त्या हाताकडं बघत राहिलो आणि त्यांना तसंच गाडीत बसवलं.

"हा गोळा पिकलेला आहे समजा," मी म्हणालो. "फुटला तर गिऱ्हाईक गेलं."

दुसऱ्यातून तिसरा पडला. आवाजसुद्धा नाही. रशीदभाई कौतुकानं माझ्याकडंच बघायला लागले, तेव्हा रस्त्याकडं बघा म्हणावं लागलं.

शनिवारी मी सोबत गेलो आणि गेटवर थांबलो. कंपनीचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर मागच्या सीटवर बसले, फोनमध्ये डोकं घालून. पंधरा मिनिटांनी गाडी परत आली. साहेब नाराज.

"याला घेता येणार नाही," ते मला म्हणाले. "ट्रॅक्टरवालाच आहे. सगळा रस्ता एकाच गिअरमध्ये आणली. एकदाही गिअर बदलल्याचं जाणवलं नाही."

रशीदभाईंचा चेहरा उतरला. साहेबासमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. मला आहे.

"जाणवलं नाही म्हणजे बदललाच नाही, असं कसं साहेब? पुढं बसा आणि त्यांचा हात बघा."

साहेब पुढं बसले. या वेळी फोन खिशात. सर्व्हिस रोडच्या टोकापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर सरळ माझ्याकडं आले. मला म्हणाले, "आमचे आणखी तीन ड्रायव्हर पाठवतो तुमच्याकडं."

गिअर नीट बदलला की तो बदलल्याचं कोणाला कळत नाही. म्हणून ट्रायलला साहेबाला नेहमी पुढं बसवावं.

रशीदभाई पहिल्या तारखेला कामावर रुजू झाले. रुखसानानं बी.एस्सी. पूर्ण केली. त्यांच्या घरातली ती पहिली ग्रॅज्युएट.