ग्रहणाचा आळ

भीमपूरच्या विमलबाईंच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. मुलाच्या, करणच्या लग्नाच्या वेळी चांगली चांगली स्थळं सांगून आली, पण बाईंनी हट्टाने सख्ख्या भावाची मुलगी शीतल हीच सून करून आणली. भाची घरात आली की म्हातारपणी हाल होत नाहीत, असा त्यांचा हिशेब.

मग साक्षी जन्मली. पोर दिव्याकडे बघेना, नजर कुठे ठरेना. तेव्हा बाईंना आठवलं, की पोटुशी असताना ग्रहणात शीतल विळीवर वांगी चिरत बसली होती. झालं! कापसाच्या वेचणीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात, चार बाया जमल्या की बाईंचं तेच पुराण. शीतल खाली मान घालून ऐकून घ्यायची.

साक्षी शाळेच्या वयाची झाली तेव्हा करणने हैदराबादला तिघांचं रक्त तपासायला दिलं. निकाल ऐकायला मायलेक गेले. वेचणी होती म्हणून शीतल घरीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत समजावून सांगितलं. बाळाचा डोळा घडत असताना पडद्यातल्या कुठल्या पेशीने उजेड टिपायचा, कुठल्या पेशीने तो पुढे मेंदूकडे धाडायचा, हे जनुकं ठरवतात. साक्षीचं असं एक जनुक बिघडलेलं होतं, म्हणून उजेड टिपणाऱ्या पेशी नीट घडल्याच नाहीत. आईबापांपैकी एकाकडून जरी चांगलं आलं असतं तरी भागलं असतं. दोघांकडूनही बिघडलेलंच आलं, कारण दोघांच्या अंगात बाईंच्या माहेरचंच रक्त. ग्रहणाचं बाईंनी स्वतःच विचारलं. त्याचा काही संबंध नाही, असं उत्तर मिळालं.

परतीच्या बसमध्ये बाईंनी सगळं जुळवून पाहिलं. बिघाड त्यांच्या माहेरचा, सोयरीक त्यांनी जुळवलेली, आणि बोल मात्र त्या लेकराच्या आईला. त्यांना स्वतःची किळस आली. शीतलला यातलं काही सांगायला नको, जुनं कशाला उकरायचं, असं करण म्हणाला. तो सांगणार नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तर सगळं झाकून गेलं असतं.

शीतल ओसरीवर साक्षीची वेणी घालत होती. बाई तिच्यापुढे जमिनीवरच बसल्या.

"गऱ्हनानं काई नाई झालं, शीतल. माह्याच माहेरचं हाय ते. मीनंच जोडून आनलं, अन् तुले बोल लावत राह्यली."

शीतलचे हात थांबले.

"गऱ्हनाच्या दिवशी मी बाबाच्या घरी होती, आत्या. दिवसभर निजून होती. पन तुमी इतकं सांगत राह्यल्या, का मलेच माह्या हातात इळी दिसू लागली."