खंडेनवमीची बंदूक

बद्रीनाथ सरांना हौस दांडगी. खंडेनवमीला बाकीच्या शाळा पाटीवर सरस्वती काढून पुजतात, पण यांना खरंखुरं शस्त्र हवं होतं. गावात म्हस्कूबाबांकडे रानडुकरं हाकलायची ठासणीची बंदूक होती. सर ती मागायला गेले तेव्हा म्हातारा म्हणाला, "बार भरेल हाय सर. थांबा, खाली करून देतो."

"राहू द्या बाबा, जल्दी हाय. हळद-कुंकू तर लावायचंय."

झालं. नववीच्या वर्गात हार घालताना बंदूक टेबलावरून घसरली आणि बार उडाला. पहिल्या बाकावरच्या अंजूचा डोळा गेला. तिच्या शेजारी बसलेल्या शीतलला साधं खरचटलंही नाही. पोरगी नशिबाची, असं गाव म्हणालं.

सर सहा महिने निलंबित होते. केस अजून चालूच आहे. जूनमध्ये ते कामावर परतले आणि दहावीला गणित शिकवू लागले, तर त्यांच्या पहिल्याच चाचणीत गणितात एक मार्क न सोडणारी शीतल चाळीसपैकी सहावर आली. अंजूचा डोळा काही परत देता येणार नव्हता. निदान हिची दहावी तरी वाचवायची म्हणून त्यांनी कंबर कसली. शाळा सुटल्यावर रोज तासभर ते तिला एकटीला शिकवू लागले. पोरगी मान खाली घालून ऐकायची. पुढच्या चाचणीत तिला चार मार्क पडले.

शेवटी सरांनी तिच्या आईला बोलावून विचारलं, "घरी काही अभ्यास करते की नाही ही?"

तुळजाबाईंनी पिशवीतून वही काढली. "रोज करून राह्यली ना सर. बघा की."

पानामागून पान बरोबर होतं. सरांनी चक्रावून शीतलकडे पाहिलं.

"तुमी लई चांगलं शिकवता सर," ती रडवेली होऊन म्हणाली. "पन तुमचा आवाज आला की मला अंजूच दिसती. मंग काहीच सुचत न्हाई."

सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दहावीचं गणित काकासाहेब सरांकडे सोपवलं.

सहामाहीत शीतलला एकतीस मिळाले. "तुमच्या शिकवणीचं चीज झालं," काकासाहेब म्हणाले. दहावीच्या वर्गावरून जाताना बद्रीनाथ सर आता चपला हातात घेतात.