स्टीलच्या गंजाची झाळ

लग्नात बापाने मला स्टीलचा गंज दिला. उभ्या, मोठ्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. कुरखेड्याकडच्या माझ्या सासरच्या खेड्यात तेव्हा पितळ आणि माती एवढंच होतं, स्टील कुणी पाहिलेलंही नव्हतं. बाप बल्लारशाला एका लाकूड ठेकेदाराच्या भटारखान्यात स्वयंपाकी होता. तिथे टाकून दिलेला हा गंज त्याने माझ्यासाठी उचलून आणला. त्याची एक कडी निखळली होती आणि कुणीतरी शिसं-कथलाची झाळ वितळवून ती परत चिकटवली होती. काम इतकं बेंगरूळ, की झाळेचे ओघळ आतून थेट बुडापर्यंत उतरले होते आणि बुडाच्या खाचेत जाऊन थिजले होते.

बापाने निघताना बजावलं, "धान ठेव, पाणी ठेव. पण झाळ काढल्याबिगर आंबट काई ठेवू नको यात, अन् दारू तं नाईच." त्याच्या जोडीचा एक स्वयंपाकी अशाच भांड्यात चिंचेचं पाणी ठेवून रोज पीत असे. त्याचे दोन्ही हात मनगटापासून लोंबले होते. बापाच्या भटारखान्यात मी त्याला पाहिलं होतं. दुसऱ्याच्या हाताने जेवत होता.

सासरी गंजाचं स्वागत सासूने केलं. "थिगळाचं भांडं देल्लं तुह्या बापानं, अन् पोरगीबी तशीच." तेव्हापासून माझं नाव गेलं आणि मी स्टीलवाली झाले.

आता सासरा. त्याला लोक मोठा माणूस म्हणत. मी म्हणत नाही. तो उलट्या हाताने मारायचा. बैलाला, लेकांना, मला. चूक सापडायची वाटही पाहत नसे. सकाळी उठल्यावर आळस द्यावा तसा त्याचा हात उठायचा. नवरा मान खाली घालून निघून जाई. त्याच्याकडून मी कधी काही अपेक्षा केली नाही आणि त्यानेही मला कधी निराश केलं नाही.

मोहफुलाची दारू घरोघरी गाळत, तशी आमच्याकडेही गाळत. मडक्यात फुलं आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं, वरून बांबूची नळी काढायची आणि नळीतून टपकणारी दारू खालच्या भांड्यात धरायची. ते खालचं भांडं आजवर मातीचं होतं. सासऱ्याची नजर गंजावर गेली.

"माही पहिल्या धारेची आता इस्टीलातच धरायची," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मामाजी, आधी झाळ काढू द्या. पोटात गेली तं हात जाते माणसाचे."

"काढ मंग. फुलं आंबेस्तोवर."

मी मागच्या अंगणात कोळशावर गंज आडवा धरला. तापला की झाळ आधी काळवंडते, मग पाण्यासारखी चमकते. चमकली की तेवढ्यात गोणपाटाच्या बोळ्याने पुसून काढायची. उशीर झाला की परत थिजते. कडी गळून पडली. काठाखाली दोन भोकं राहिली, पण ती वरच्या बाजूला, दारू तिथवर कुठली पोचते! ओघळही निघाले. बुडाच्या खाचेतलं मात्र निघेना. वाकवून पुसायला गेले तर पातळ शिशाचा एक थेंब पायावर पडला. मी किंचाळले. सासू ओट्यावरून हसली, "इस्टीलची हाय ना तू? मंग पोळते काऊन?" सासराही हसला. ते दोघं एकत्र हसलेले मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्या पायावर चिखल बांधून मी मोडक्या विळ्याच्या टोकाने खाच खरवडत होते, तर सासरा गंज न्यायला आला. फुलं आंबली होती.

"मामाजी, बुडात बाकी हाय अजून."

हात उठला. "तुह्या बापानं भांडं देल्लं का बिमारी?"

संध्याकाळी सुजलेल्या तोंडाने मी परत सांगितलं. परत हात उठला. तिसऱ्यांदा सांगायला मला दुसरं तोंड नव्हतं. लोक विचारतात, मग गप्प राहिल्याचं वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. आजही वाटत नाही.

पहिल्या धारेची दारू गंजात पडायची आणि झाकण लावून त्याच्या खाटेच्या उशाला राहायची. पोरांना मागची पाणचट, मडक्यातली. "मातीवाल्यायले माती," असं म्हणून तो गंजावर टिचकी मारायचा. घरातल्या कुणाला त्याने थेंब दिला नाही, म्हणून घर वाचलं. त्याच्या हावरटपणाचे एवढे उपकार मी मानते.

धान कापणीला त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. कोंबडं कापलं, अंगारा लावला, सासूने माझ्या नजरेला दोष दिला. मग हातातून पेला निसटला. मग एके दिवशी मला मारायला त्याने हात उचलला, तर दंड वर आला आणि पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. मी गोठ्यात गेले आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून पोटभर हसले.

त्यानंतर गंज मी न विचारता उचलला. त्याच्या खाटेसमोर कोळसे पेटवले, खाचेवर धग धरली, पुसलं, चिंच आणि वाळूने घासलं, परत धग धरली. तो पडल्या पडल्या बघत होता. खाचेत नख फिरवून काही लागेना तेव्हाच थांबले.

उन्हाळ्यात दिराचं लग्न निघालं. पाहुण्यांची सगळी दारू मी त्याच गंजात धरली. मांडवात माझा नवरा त्यातून वाढत होता आणि सारं गाव पीत होतं. खाटेवर बसवलेल्या सासऱ्याने ते पाहिलं. मी नवरा-नवरीमागून त्याच्या पाया पडायला वाकले.

"माह्या गंजाले हात काऊन लावला?" तो दात खाऊन पुटपुटला आणि त्याने हात उगारला. दंड वर गेला, मनगट लटकलं आणि पंजा माझ्या डोक्यावर येऊन पडला, मऊ, बिनवजनाचा.

बाया हळहळल्या. "नशीबवान बाई! हात चालत नाई तरी आशीर्वाद देल्ला सासऱ्यानं!"

त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला काय द्यायचं होतं ते त्याला ठाऊक होतं आणि मला. मी मान आणखी खाली घातली.

"अजून एक डाव द्या, मामाजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तो देईना, तेव्हा मीच त्याचं मनगट धरलं आणि तो हात उचलून पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला.