पूजेच्या ताटातलं कुलूप

ती खंडेनवमी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पनवेलला मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. ठाण्यात शस्त्रपूजा नुकतीच आटोपली होती. रायफली झेंडूच्या माळा घालून मांडल्या होत्या. मी पेढा तोंडात टाकणार, तोच खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं एक जोडपं दारात येऊन उभं राहिलं. त्यांची मोटारसायकल भरदुपारी घरासमोरून चोरीला गेली होती.

नवऱ्याचा पाय अधू. होडीवर तोल सांभाळता येईना, म्हणून त्याने मोटारसायकल घेतलेली. मागे बर्फाची पेटी बांधून तो कॉलन्यांमधून मासळी विकायचा. नवरात्रात बरीच गिऱ्हाइकं मासळीला शिवत नाहीत, त्यामुळे इतके दिवस बसून खाल्लेलं. दसरा उलटला की धंदा सुरू होणार, आणि नेमकी गाडीच गेली. बाई एकच म्हणत होती, "साहेब, गाडी नाय तर आमची चूल पेटनार नाय."

जागेवर जाऊन पाहतो तर ओट्यावर पूजेचं ताट. त्यात कोयता, पाना आणि कुंकू लावलेली जाडजूड साखळी, कुलपासकट. एरवी याच साखळीने गाडी ओट्याच्या लोखंडी खांबाला बांधलेली असायची.

"मग आज का नाही बांधली?" मी विचारलं.

"आज लोखंडाला कामाला लावायचं नाय ना साहेब," नवरा म्हणाला. "कुलूप बी लोखंडच."

गाडीची किल्लीही त्याच ताटात ठेवली होती. ती तेवढी गायब. म्हणजे चोरासाठी पान वाढूनच ठेवलेलं, आणि घरचे पुरणपोळी खाऊन गाढ झोपलेले! मला हसावं की चिडावं कळेना. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून दोन्ही गिळलं.

एक गोष्ट मात्र खटकली. गाडीचा झेंडूचा हार तुळशीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेला होता. घाईतला चोर हार ओरबाडून फेकतो. हा कोणी देवभोळा दिसत होता, आणि नवमीला इथे कुलूप ताटात असतं हेही त्याला ठाऊक होतं. मी हाराची पंचनाम्यात नोंद केली आणि त्याबद्दल घरच्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं.

दसरा झाल्यावर कळंबोलीच्या एका चहावाल्याचा फोन आला. माझा जुना खबऱ्या, मासळीवाल्याच्या गाडीचं वर्णन त्याला दिलेलं होतं. "साहेब, ट्रक टर्मिनलच्या मागे ताडपत्रीखाली एक गाडी आहे. पेटी नाही, काही नाही, पण सकाळपासून मांजरं तिथून हलायला तयार नाहीत."

मी आधी पोट धरून हसलो, मग जीप काढायला सांगितली. साध्या वेशात चहा पीत बसलो. दुपारी एक माणूस ताडपत्री उचलायला आला आणि अलगद हाती लागला. नंबरप्लेट बदललेली, पण चॅसी नंबर फिर्यादीच्या गाडीचाच.

"न्हावा शेव्याच्या एका ड्रायव्हरकडून घेतली, साहेब. नाव माहीत नाही," एवढंच तो घोकत राहिला. तो पूर्वी त्याच गल्लीत भाडेकरू होता, हे चौकशीत निघालं. पण तेवढ्याने चोरी शाबीत होत नाही. आवाज चढवला की माणूस मिटतो, हा माझा अनुभव. मी त्याला चहा दिला आणि हळहळत म्हणालो, "गाडी गेली त्याचं त्या बाईला एवढं नाही रे. देवाचा हार चोराने गटारात टाकला, म्हणून ती रडते."

तो ताडकन उठला. "गटारात नाय टाकला! तुळशीपाशी ठेवला मी!"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाच्याही लक्षात आलं. तो खाली बसला आणि तोंड ओंजळीत लपवून सगळं सांगत गेला.

न्यायालयाच्या आदेशाने गाडी परत देताना मी त्या जोडप्याला म्हणालो, "पूजा जरूर करा. पण आमच्या ठाण्यात पहाऱ्यावरच्या शिपायाची रायफल मांडत नाहीत. तिला त्याच्या हातातच कुंकू लावतात. साखळी खांबाला असू द्या, कुलपाची पूजा तिथेच करा. आणि किल्ली घरात ठेवा." बाईने मान डोलावली. मला वाटलं, पोलिसाचं बोलणं लोक उंबरठा ओलांडला की विसरतात.

पुढच्या खंडेनवमीला मी देवीच्या मंडपाबाहेर बंदोबस्तावर होतो. सणावाराला घरी नसणं आम्हा पोलिसांच्या अंगवळणी पडलेलं असतं. घरून फोन आला की "जेवलो" म्हणून खोटं सांगायचं. त्या गर्दीतून बाई वाट काढत आली, मागून नवरा लंगडत. तिच्या हातात ताट होतं.

"कुलूप गाडीलाच हाय, साहेब," ती म्हणाली. "तितंच पुजलं. आता तुमची पाळी."

"माझी?"

"तुमी पन पहाऱ्यावर हाव ना. मंग हितंच लावते."

तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला. तपास कसा करावा ते मला नोकरीने शिकवलं. तो कोणासाठी करायचा, ते या बाईने. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. त्या दिवशी घरून फोन आला, तेव्हा "जेवलो" हे मी खरं सांगितलं.