मामंजींच्या पक्ष्यांसाठी काढलेले मोड

दुधनीच्या स्टेशनावर पॅसेंजर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. लग्नानंतर मी सोलापूरला निघाले तेव्हा अप्पा ट्रंक चढवण्यात गुंतले होते, तू आईच्या मागं उभी राहून रडत होतीस, आणि आई खिडकीशी येऊन घाईनं एवढंच म्हणाली, "तितं कुणी काय इचारलं तर येतंय म्हण. न्हाय म्हणू नगंस." गाडी हलली, मी मान डोलावली. सुमे, त्या मान डोलावण्यानं मला पुढं किती छळलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता तुझी लेक नोकरीला पुण्याला निघालीय, म्हणून लिहितेय. तिलाही वाचायला दे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. सोलापुरात आमच्या घरात माणसं तीनच. हे मिलमध्ये, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. मामंजी त्याच मिलमधून रिटायर झालेले. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या, त्यानंतर त्यांनी लव्हबर्डची एक जोडी आणली होती. अंगणात जाळीचा पिंजरा, आत टांगलेलं मडकं, आणि मी आले त्याच आठवड्यात मडक्यात चार पिल्लं निघालेली. मामंजी दिवसभर पिंजऱ्याशी खुर्ची टाकून बसत. माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं पिल्लांबद्दलच झालं. पिल्लांना भरवणाऱ्या मादीला मोड आलेले मूग आणि कोवळा पाला लागतो, तुला मोड काढता येतात का, असं त्यांनी विचारलं. मी येतात म्हणाले.

खरं तर आपल्याकडं मोड आईच काढायची. मला फक्त उसळ खाणं माहीत.

पहिले चार-पाच दिवस कसंबसं जमलं. पण मंडईत पाला मिळेना, मिळाला तर करपलेला. सगळा भार मुगावर आला. नळ एका दिवसाआड यायचा आणि घागरी मोजक्याच भरायच्या. नवी सून पाणी जपून वापरते असं कुणी म्हणावं, ही हौस मला फार होती. म्हणून मी मूग एकदाच धुवायची आणि भिजलेल्या फडक्यात तसेच बांधून ठेवायची. एका सकाळी फडकं सोडलं तर मूग बुळबुळीत लागले, वासही आंबूस आला. मी थबकले. पण दुसरं काहीच घरात नव्हतं, आणि मामंजी खुर्चीवर वाट बघत बसलेले. मी वाटी नेऊन पिंजऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मडक्यात दोन पिल्लं मेलेली होती. मादी अंग फुगवून कोपऱ्यात बसली, फारसं काही खाईना. उन्हानं झालं असेल, असं मामंजी म्हणाले आणि त्यांनी पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलं. मी व्हय म्हणाले.

ते दोन दिवस मी सारखी पिंजऱ्याशी जाऊन बघायची. मादी गेली तर उरलेली दोन पिल्लंही जाणार, आणि मग हा म्हातारा माणूस कुणाशी बोलणार? खरं सांगितलं तर पहिल्याच महिन्यात माझी पाठवणी होईल, नाही सांगितलं तर जन्मभर हे पोटात ठेवायचं. मी अप्पांना कार्ड लिहिलं, मला येऊन घेऊन जा. ते पोलक्यात लपवलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा गेले नि परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पोतं भिजवायला निघाले. एका पोत्याला अर्धी बादली पाणी. ते बघून मला राहवलं नाही. मूग नासलेले होते, मला कळलं होतं, तरी मी घातले, असं मी त्यांना सांगितलं. मोड काढता येत नाहीत हेही सांगितलं.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"वास मलाबी आला होता की," ते म्हणाले. "नव्या सुनेला कसं बोलावं म्हणून गप बसलो. तू रुसून गेलीस तर घर परत मोकळं पडंल, त्याचं भ्या वाटलं. वाटी काडून घेतली असती तर पिल्लं जगली असती."

मग आम्ही दोघं चुलीपाशी बसलो. मूग तीन पाण्यांनी कसे धुवायचे, फडकं पिळून कोरडं कसं करायचं, मोड दाण्याएवढा झाला की लगेच कसे द्यायचे, ते त्यांनी दाखवलं. धुतल्याचं पाणी टाकायचं नाही. एका फुटक्या घमेल्यात माती भरून आम्ही मेथी पेरली आणि ते पाणी तिला घातलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मेथीची पहिली पानं वर आली. मादीनं त्यातलं एक पान चोचीत धरलं तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो. ती जगली. उरलेल्यांपैकी एक पिल्लू मात्र गेलंच. एक वाढलं, उडायला लागलं. अप्पांना लिहिलेलं कार्ड मी त्याच चुलीत घातलं.

मामंजी पुढं अकरा वर्षं होते. मला त्यांनी अनेकदा टोकलं, मीही त्यांना टोकलं.

त्या पहिल्या दिवाळीला मी दुधनीला आले होते, आठवतं तुला? तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणाले, उद्या घरी जाते, मेथीला पाणी घालायचं मामंजींच्या ध्यानात राहायचं नाही. आई वाढता वाढता थांबली. सोलापूरला मी घर म्हणाले, ते मलाही तेव्हाच कळलं. मग ती उठली आणि म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जा. ऊन लागायच्या आत घरी पोचशील."